चाल कुणाची

१४ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय ताई,

तू बरी असशील असं धरून चालते. फोनवर तुझं-माझं दोन वाक्यांपुढे जात नाही, म्हणून हे पत्र. आईचा गुडघा आता बराच हलका आहे. जिना उतरते मुकाट्यानं, चढताना मात्र सगळ्या जगाला नावं ठेवते. माझं चष्म्याच्या दुकानातलं काम चालू आहे. अक्षर वाकडं आलंय ना? काल दुपारी एक गोष्ट घडली. सांगते, पण जरा दमानं.

तुला बोलले नव्हते, मी एक गाणं केलंय. शब्द माझे, चालही माझी. काचा घासायच्या मशीनच्या घरघरीत एके दिवशी अख्खी चाल सुचली, जणू कुणी कानात सोडली. वर्षभर कुणापुढे एक ओळ गुणगुणले नाही. दुकानामागे स्टुडिओ चालवणारे काका आहेत, त्यांनी बजावलं होतं, "पोरी, नव्या माणसाचं गाणं म्हणजे उघड्यावरचं दूध. प्रत्येक खर्डा तारखेसकट जपून ठेव, आधी स्वतःच्या नावावर नोंद कर, आणि वाचल्याशिवाय कशावर सही करू नकोस." मी जाडजूड फाइल केली. आई म्हणाली, "सोनं असल्यासारखी काय कुलपात ठेवतेस?" म्हटलं, "सोनं चोरीला गेलं तर निदान कळतं तरी!"

काकांनी गाणं रेकॉर्ड केलं. गाणी सगळीकडे पोचवणाऱ्या एका कंपनीकडे मी ते पाठवलं. या शुक्रवारी ते लोकांपुढे येणार होतं. काल तिथल्या बाईंचा फोन आला, "जरा ऑफिसात येऊन जा."

गेले तर म्हणाल्या, "ही चाल दहा वर्षांपूर्वीच प्रसिद्ध झालेली आहे."

माझं डोकंच फिरलं. फाइल त्यांच्या टेबलावर आपटली. "चोरी आहे ही! माझ्याकडे पुरावे आहेत!" आजूबाजूचे चार जण माना वर करून बघायला लागले. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचा सगळ्यात जुना खर्डा गेल्या वर्षीचा. आधी ऐका तर खरं." आणि हेडफोन पुढे केला.

ताई, तुझा आवाज.

तुझं गाणं सतरा वर्षांनी ऐकलं मी. शब्द वेगळे, चाल तीच. ज्या वळणावर मी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती, ते वळणसुद्धा तुझंच. शेवटपर्यंत ऐकलं. गाणं संपलं, खुर्ची सरकली, आणि एक पोरगी विचारते, "झालं का? आता मी?" आणि तू हसत, "गप गं, चालू आहे अजून."

ती पोरगी मी. बारा वर्षांची. आपल्या मागच्या खोलीत, तुझ्या तालमीच्या वेळी.

"ओळखता यांना?" बाईंनी विचारलं. "माझी बहीण," मी म्हटलं. त्यांनी पाण्याचा ग्लास सरकवला. चोर पकडायला गेले होते, तो माझ्याच खुर्चीत बसला होता.

खरंच सांगते, तुझी चाल मला आठवत नव्हती. पण दुसरी एक गोष्ट मी कधीच विसरले नाही. हे पत्र इथवर ओढत आणलं ते तिच्यासाठी.

तू परीक्षेचा पेपर बुडवून रेकॉर्डिंगला गेलीस, ते बाबांना कॉलेजातून कळलं असं तू समजत आलीस. नाही गं. मी सांगितलं. मला एक ओळ गायला देणार होतीस आणि ऐनवेळी मैत्रिणीला घेऊन गेलीस. मी तोंड फुगवून बसले होते. बाबांनी विचारलं, "काय झालं गं?" आणि मी भडाभडा बोलून गेले. वाटलं, फार तर तुला रागावतील. त्यांनी तुझं कॉलेज आणि गाणं, दोन्ही एका दमात बंद केलं. महिन्याभरात तू बॅग भरलीस. जाताना म्हणालीस, "तू तरी नीट शिक." मी दाराला धरून उभी राहिले. बाबा गेले तेव्हाही सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

आणि तू? सात वर्षांनी, कुणाला न कळवता, तालमीतलं तेच गाणं लोकांपुढे ठेवलंस, माझ्या बडबडीसकट. बाई म्हणाल्या, तेवढं कापणं दोन मिनिटांचं काम होतं. का नाही कापलंस?

"दोन-चार सूर बदला, चालून जाईल," असंही कुणीसं सुचवलं. मी गाणं मागे घेतलं. काका आधी चिडले, मग तुझं गाणं ऐकून म्हणाले, "हिनं गाणं सोडायला नको होतं."

सोबत एक कागद आहे. चाल तुझी, शब्द माझे, असं लिहिलंय. सही करच असं मुळीच नाही. फाडलास तर गाणं तिथंच संपलं, आणि ते रास्तच होईल. माझ्या चुगलीबद्दल मात्र बोल. शिव्या घाल. मी पुरत्या ऐकून घेईन, मध्ये एक शब्द बोलणार नाही.

'तुझी' लिहायला आज पहिल्यांदा हात अडतोय. तरीही,

तुझीच
धाकटी