विरलेल्या दोराचा कायदा

प्रिय गंगाक्का,

तू देवाघरी जाऊन वरीस होत आलं आणि आज मी कागद घेऊन बसले. अक्षराला हसू नकोस, चौथीपुढं शाळा ठाऊक न्हाई मला. आजच लिहायचं कारण म्हणजे आपल्या गल्लीची पाण्याची मोटर सकाळपासून कण्हायलीय, आणि संध्याकाळची पाळी तुझ्या सुनेची, महादेवीची हाय.

पण आधी गोड सांगते. माझी नात श्रुती कलबुर्गीला वकिली शिकायलीय ना! घरी आली की नुसती बडबड, अगदी माझ्यावर गेलीय. परवा म्हणली, "आजी, तुमच्या विहिरीच्या दोरावर मी पेपरात लिहिलं, सरांनी वर्गात वाचून दाखवलं!" अक्का, आपला अंबाडीचा दोर कालेजात गेला गं! मी दारोदार सांगत फिरले.

आठवतो ना आपल्या मंठाळच्या विहिरीचा कायदा? ज्याच्या हातात दोर तुटंल, त्यानं नवा आणायचा. आपल्याला वाटायचं, केवढा सरळ न्याय!

श्रुती म्हणली, "न्याय कसला? कायद्यापायी माणसं काय करायला लागतात ते बघायचं, आजी. दोर विरलेला दिसला की शहाणी बाई काय करंल?"

"गप घरी जाईल."

"बघ! नवा दोर वळायला घरटी मूठभर अंबाडी दिली असती तर जुना हातात तुटलाच नसता. पण तुमच्या कायद्यात 'दोर विरलाय' म्हणली की तिच्याच हातात खराब झाला म्हणून नवा तिच्याच गळ्यात; बोलणारीला तोटा आणि गप बसणारीला फायदा."

ती हसली. मी चुलीकडं तोंड फिरवलं.

कामून, सांगू? त्या दिवशी तुझ्या आधी मी पाणी शेंदलं होतं. दोराचे दोन पदर सुटलेले माझ्या हाताला लागले. तू मागं घागर घेऊन उभी. "शांते, झालं का गं?" म्हणलीस. मी "झालं अक्का, ये" म्हणून निघाले. वळणावर पोचले तवा पोहरा विहिरीत पडल्याचा आवाज आला. मी मागं बघितलं न्हाई.

तुझ्या सासूनं दोर आणला, तो पंचमीला तुझ्या एसटीसाठी ठेवलेल्या पैशातनं. "औंदा माहेर न्हाई!" म्हणली. मादन हिप्परग्याला तुझी आई वाट बघत बसली. दिवाळीच्या आधी ती गेली. तू पोचलीस तवा तिचं बोलणं संपलं होतं.

आणि मी त्या पंचमीला झोका खेळले, अक्का!

तू कधी विचारलं कसं न्हाईस गं? कळलं होतं का तुला? एवढी वर्षं एकीमेकीच्या तव्यावरच्या भाकरी खाल्ल्या, एकदा तरी शिवी द्यायची होतीस! नात म्हणती, दोष कायद्याचा. व्हय, असंल. पण जीभ तर माझी होती.

मोटरीला बी तोच कायदा हाय. ज्याच्या पाळीत जळंल, त्यानं दुरुस्त करायची. सकाळपासून चार घरांनी ते कण्हणं ऐकलं, पाणी भरलं, बटन बंद केलं आणि गप दार लावलं. त्यात एक घर माझं.

ऊन कलायच्या आत मी बटनापाशी जाऊन बसणार हाय. महादेवीला हात लावू देणार न्हाई. गल्लीला हाका मारून सांगणार, मोटर बिघडलीय, जी आधी सांगंल तिच्यावर खर्च न्हाई, खर्च सगळ्यांचा. आणि कामून म्हणून विचारलं, तर दोराची गोष्ट सांगणार. तुझ्या सुनेच्या तोंडाकडं बघून.

त्या दिवशी तुझ्या आधी पाणी भरून गेलेली,
शांता