लाल राहिलेले शाफ्ट

गुरुवार, ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आत्याकडे तुझा खोकला कमी झाला असेल, अशी आशा आहे.

भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या आणि तपासणीच्या टेबलावर डोळे फोडणाऱ्या आपणा सर्वांचं एकच दुखणं आहे: आपलं काम चांगलं होतं, हे तपासणीला नग कापल्यावरच मान्य होतं! म्हणजे मेल्यावर शाबासकी.

हसू नकोस. गेटवर युनियनची भाषणं ठोकून जीभ अशीच वळते.

घरी सगळे ठीक. वहिनी तुझं नावही काढत नाही. म्हणजे अजून रागावली आहे, म्हणजे अजून आशा आहे.

आता तू भट्टीत तापवून तेलात बुडवलेल्या शाफ्टच्या लॉटबद्दल. तपासणीच्या नव्या मशीनमधल्या तारेच्या वेटोळ्याला तू हिणवलंस, "बांगडीतून शाफ्ट नेला की त्याच्या पोटातलं कळतं होय?" कळतं, दादा. वेटोळ्यात वीज खेळते. शाफ्टची वरची कडक साल तिला एक जबाब देते, मऊ साल दुसरा. उत्तम शाफ्ट दाखवून मशीनला आधी योग्य जबाब शिकवायचा, मग प्रत्येक नग त्याच्याशी ताडायचा. ना खड्डा, ना ओरखडा. पण शिकवताना दाखवलेले शाफ्ट थंड होते. तुझे मात्र माल पाठवायच्या घाईत, हाताला चटका देत असतानाच आत घातले. गरम पोलादाचा जबाब वेगळाच येतो. सगळ्यांवर लाल दिवा लागला, आणि तू साहेबांच्या टेबलावर राजीनामा आपटून चालता झालास.

काल मी साहेबांना म्हटलं, "लॉट थंड झालाय. पुन्हा घाला."

"भाऊ आहे म्हणून?"

"भाऊ नसता तर गेटवर सभा घेतली असती. आज नुसतं सांगतेय."

साहेब हसले, बटण दाबलं. हिरवा. हिरवा. पुन्हा हिरवा!

इथेच पत्र संपवणार होते. पण सगळे हिरवे झाले नाहीत, दादा. काही लालच राहिले. त्यातला एक कापून भिंगाखाली धरला. एका बाजूची कडक साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ.

मग तू प्रत्येक नगावर खडूनं ट्रेमधली जागा लिहितोस, ती पाहिली. सगळे लाल एकाच कोपऱ्यातले! तेलाच्या टाकीतल्या त्याच बाजूचे, जिथला पंप बदला म्हणून तू वर्षभर ओरडतो आहेस. "तिथं तेल फिरत नाही, पोलादाला पाणी चढत नाही, साल मऊच राहते." आणि आम्ही म्हणायचो, दादाला भांडायला कोणी नसलं की पंप असतो.

जुन्या पद्धतीनं ट्रेच्या मधला एखादा नग कापला असता, तो पास झाला असता आणि पंप तसाच राहिला असता. तुझ्या बाजूची साक्ष बांगडीनं दिली.

हिरवा माल रवाना होतोय. राजीनामा अजून साहेबांच्या खणात आहे. सोमवारी वरच्या ऑफिसात जाईल. ते म्हणतात, "पंपाचं भट्टीवाल्यानं येऊन सांगावं, बहिणीनं नाही." आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं मला पटलं.

तेव्हा सोमवारी सकाळच्या पाळीला ये, कोपऱ्यातला लाल शाफ्ट त्यांच्या टेबलावर ठेव आणि पंप माग.

वाट पाहत बसणारी नव्हे, तुझ्याआधी पोचून मशीन सुरू करून ठेवणारी,
तुझी धाकटी