बाईला सुधारायची काय गरज होती?

चि. चिंगीस,

लाँड्रीवाल्या मावशीचे पोटभर आशीर्वाद. (हे पत्र तुझ्या आईला दाखवू नकोस, तिचे आशीर्वाद तिला वेगळे पाठवीन.) तुझी पाठ कशी आहे? दिवसभर वाकून लिहीत बसतेस, जेवायची तरी शुद्ध असते का? मी गुडघे सोडून बरी आहे. पण परवा जो धक्का बसलाय त्यातून अजून सावरलेली नाही, आणि त्याला कारण तू आहेस.

तुझ्या मालिकेचा पहिला सीझन आला तेव्हाही धक्का बसला होता, नाही म्हणत नाही. नवरा गेलेली, साठीला टेकलेली, लाँड्री चालवणारी बाई. ती गिऱ्हाइकांच्या कोटांवरचे डाग बघून कोण कुणाकडे जातं ते ओळखते, वर तोंडावर बोलून दाखवते, आणि स्वतः त्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला मागच्या खोलीत बोलावून, गरम इस्त्रीच्या शेजारी... जाऊ दे, मला लिहवत नाही. (भाग चौथा. मला तो परत बघावा लागला, कारण पहिल्या वेळी डोळ्यांवर हात होता.) सगळ्या गल्लीने ती मीच ठरवली. का नाही ठरवणार? दुकान माझं, शिव्या माझ्या, तो कळकट हिरवा एप्रनसुद्धा माझा! लाजेने अर्धमेली झाले, मान खाली घालून इस्त्री करत राहिले. मग हळूहळू लक्षात आलं की लोक मला घाबरायला लागलेत. बँकेतली ती बाई, जी घडीघडीत खोट काढायची, ती आता "छान झालंय हं" म्हणून कपडे उचलून पळते. आणि समोरचा चष्मेवाला, ज्याने आजवर कधी मान वर करून पाहिलं नव्हतं, तो सारखा तोच एक शर्ट घेऊन येतो. डाग कुठाय म्हणून विचारलं तर म्हणाला, "असू दे, धुवा परत." असो.

तर अशा परिस्थितीत दुसरा सीझन आला. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि दुकानातल्या छोट्या टीव्हीसमोर ठाण मांडलं. बघते तर काय, बाई माफी मागतेय! आधी सुनेची, मग शेजारणीची, मग कुणाकुणाची ते तुझं तुला ठाऊक. तिची ती सासू, जी अंथरुणात पडल्या पडल्या सगळ्या जगाचा उद्धार करायची, ती आता कुंड्यांना पाणी घालते. घड्याळवाला छातीत दुखून आजारी पडतो, आणि ही त्याला बघायला जाते तर दार उघडं ठेवून बसते. दार उघडं! पहिल्या सीझनमध्ये ती एकदाही रडली नव्हती. नवऱ्याच्या कोटाचा खिसा उलटा करताना हात जरा थांबला होता, तेवढंच, आणि इकडे मी पदर ओला केला होता. आता ती भागाभागाला रडते आणि मला जांभया येतात. निर्लज्जपणा कमी झाला अशी माझी तक्रार नाही. (आहे, पण मुख्य तक्रार ती नाही.) अगं, ती कामच करत नाही! एवढ्या भागांत इस्त्री एकदा तापली, तीही दुसऱ्याच कुणीतरी तापवली. हात रिकामे असलेली बाई टोमणे तरी कशाच्या जोरावर मारणार? केबलवालासुद्धा म्हणाला, "मावशी, यंदा दम नाही."

आणि सहावा भाग! दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हातात ठेवून ती नातवाला सांभाळायला जाते, आणि खिडकीत बसून समाधानाने हसते. मी हबकलेच. पण खरा धक्का पुढेच होता. माझा लेक, म्हणजे तुझा दातांचा डॉक्टर भाऊ, जो पहिला सीझन लागला की ताडकन उठून आत जायचा, तो बायकोला घेऊन आला आणि म्हणाला, "आई, बघ, तिलासुद्धा पटलं. तू अजून किती दिवस वाफेत उभी राहणार?" माझी खोली तयार आहे म्हणे. खिडकी आहे. करमलं नाही तर घरातल्या कपड्यांना इस्त्री करत जा, असं सूनबाई म्हणाली. दोघंही मायेने बोलतात गं, तिथेच माझी पंचाईत होते. भांडता येत नाही.

असो. तू एवढी मोठी लेखिका, तुला मी काय शिकवणार? जपून राहा, वेळेवर जेव.

तुझी,
थिजलेली मावशी

ता.क. चष्मेवाल्याबद्दल वर लिहिलंय त्यातून भलते अर्थ काढू नकोस. दुकान सोडायचं नाही म्हणते त्याचा आणि त्याच्या शर्टाचा काडीचा संबंध नाही. आता तो दुसराही एक शर्ट आणतो.

ता.क. दुसरा. शेवटचा भाग अजून चित्रित व्हायचाय, असं तुझी आई म्हणत होती. तो लागला की लगेचच्या रविवारी भाऊ दुकान विकत घेणारं गिऱ्हाईक आणतोय. मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हणता आलं नाही, कारण विचारलं तेव्हा नातू मांडीवर झोपला होता. चिंगे, माझं तो ऐकणार नाही, पण तुझ्या मालिकेतल्या बाईचं ऐकतो. तेव्हा तिला परत आण. भाषण नको, रडारड नको. सकाळी येते, कुणाला न विचारता शटर वर करते आणि इस्त्री तापत ठेवते, एवढंच दाखव. बाकीचा निर्लज्जपणा माझा मी बघून घेईन.