छातीतली कळ आणि 'ताप'

अकोला, मार्गशीर्ष वद्य पंचमी, दिवेलागणीला

मृत्यूच्या नोंदी करत इतकी वर्षं बसतो आहे, पण आजच्यासारखं कधी झालं नाही.

दुपारी सुखदेव माळी थोरल्या भावाची नोंद द्यायला आला. भावाचं वय बेचाळीस. कारणाच्या रकान्यात मी सवयीनं 'ताप' लिहिलं.

"ताप नवता जी त्याले. काल मोट हाकता हाकता छाती धरली अन् खाली बसला. उठलाच नाई."

खोडलं. छातीतली कळ म्हणजे साठीपुढचं मरण, असं मी धरून चाललेलो. यंदाची पानं उलटली, तर छातीच्या कळेनं गेलेली चाळिशीतलीही नावं निघाली. माझ्याच अक्षरातली. मग मला दिसली कशी नाहीत? आणि 'ताप' लिहिलेल्यांपैकी खरे ताप किती?

वर पाहिलं, तर सुखदेव डावा हात चोळत होता. पस्तिशीचा माणूस, या थंडीत घामानं भिजलेला.

"तुले बी दुखून राहिलं काय?"

"सकायपासून. भावाले खांदा देल्ला न, त्यानं असन."

टांग्यात घालून त्याला दवाखान्यात नेलं. वाटभर तो हात चोळतच होता. डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि त्याला उठूच दिलं नाही. "आजची रात्र निघू द्या," एवढंच म्हणाले.

त्याची बायको मळ्यातून धावत आली. रडली नाही. मला म्हणाली, "भाऊ, उद्या ह्यायचं नाव लिवू नका."

"नाई लिवत," म्हणालो. कशाच्या भरवशावर म्हणालो?