पदरातला चाफा

चिंचवड, मंगळवार, १२ जून १९५६

सकाळी आमटीत हिंग घालायचाच राहिला, आणि हे पहिल्याच घासाला म्हणाले, "हिंगाचा वास काय सुटलाय!" म्हणजे तापातून उठल्यापासून ह्यांना वासच येत नाही? महिनाभर माझं मन राखायला खोटं बोलत होते? रागच आला.

संध्याकाळी मुद्दाम सोनचाफा पदराच्या गाठीत लपवला. म्हटलं, आज पकडतेच. हे देहूरोडहून आले, सायकल भिंतीला लावता लावता म्हणाले, "चाफा कुठं मिळाला गं?"

"वास आला?"

"छे. नाकाला काही कळत नाही अजून."

"मग?"

"चाफा असला की तू पाणी आणायला आत जात नाहीस. दारातच घोटाळतेस."

हे माझं मलाच ठाऊक नव्हतं! शाळेत मुलींना मी सांगते, डोळ्यांनी बघा, नाकानं हुंगा, मगच खरं माना. इथं चाफा दिसला नाही, वासही आला नाही, आणि तरी ह्यांना कळलं. ह्याला काय म्हणायचं?

तरी विचारलंच, "मग सकाळी हिंगाचं कसं चुकलं?"

तर म्हणाले, "तेव्हा मी ताटात बघत होतो."