अजितच्या नावाने

५ ऑगस्ट, तळोदा
नोकरी लागली! दुसऱ्या वर्षाला कॉलेजला लाथ मारली तेव्हा आमचं अख्खं रनाळे गाव हसलं. रंजिताचा बाप तर चारचौघांत म्हणाला, बिनकामाच्याला पोरगी देत नाही. आता बघ म्हणावं. नवनीतशेठचं ऑफिस बाजारात, टायरच्या दुकानावर. फिरती खुर्ची. शेठ आधी डोंगरातली माणसं ऊसतोडीला गुजरातेत न्यायचे, आता पोरं रशियाला पाठवतात, फौजेच्या स्वयंपाकघरात मदतनीस म्हणून. रंजिताला खुर्चीचा फोटो पाठवला. तिनं नुसता अंगठा दिला. तोही गोड.

११ ऑगस्ट
काम कळलं. तिकडे पोरांचे फोन काढून घेतात, म्हणून घरच्यांना निरोप मी लिहायचे, पोरांच्या नावाने. शेठ म्हणाले, "तुन्हं लिखनं चांगलं शे. मायबापसनी काळजी मिटस." धडगावकडच्या पाड्यावरचा एक अजित आहे. त्याच्या आईला, दिवलीबाईला, बहीण आशा निरोप वाचून दाखवते. मी लिहिलं, थंडी आहे, जेवण बरं. आईने विचारलं, मिरची मिळते का. मिळते म्हटलं. खोटंच, पण पुण्याचं.

२१ नोव्हेंबर
शेठचं कपाट उघडं राहिलं. त्यात अजितच्या नावाचा एक रशियन कागद, मोबाईलवर त्याचं भाषांतर काढलं. स्वयंपाकघर कसलं! हातात बंदूक देऊन त्याला पुढच्या खंदकात उभं केलं. अजित जुलैतच मेला. देह मिळाला नाही.
म्हणजे माझा प्रत्येक निरोप मढ्याचा.
शेठची कॉलर धरली. तो हसला. म्हणाला, जा, बोंबल, आणि रंजिताच्या बापाला सांग परत बिनकामाचा झालो. मी कॉलर सोडली. आणि खाली बसून दिवलीबाईला लिहिलं, बरा आहे. थू माझ्यावर.

२७ नोव्हेंबर
आशाचा निरोप. रोज दिवेलागणीला अजित अंगणाच्या कडेला उभा असतो म्हणे. चिखलाने माखलेला. भाकर मागतो, पण खालचा जबडाच नाही. आई विचारते, मेलेल्याला आम्ही जेवू घालून वाटेला लावतो, पण तू तर जिवंत आहेस. मग हा कोण?
मी लिहिलं, आईला भास होतोय.

२९ नोव्हेंबर
प्रत्येक घासाला माती. बोट घालून काढली, काळी, बुळबुळीत, आत केस— रंजिताचा फोन आला. दोन शब्द बोललो. ती म्हणाली हा तुझा आवाज नाही, आणि फोन ठेवला.

२ डिसेंबर, पाड्यावर
जीपने आलो. सगळं सांगून टाकलं. दिवलीबाई रडली नाही. तिने घोंगडी अंथरली, अजितचा सदरा माझ्या अंगात घातला, पुढे भाकर ठेवली. त्यांच्यात मेलेल्याच्या जागी कुणी बसतो, जेवतो, त्याचं मरण सांगतो. मग मेलेला सुटतो.
"चार महिने तूच बोलला ना त्याच्या तोंडाने? मग आता बस. कसा मेला, सांग," दिवलीबाई म्हणाली.
मला काय माहीत, म्हणणार होतो. जीभ हलेना. तोंडभर चिखल. आशाने माझ्या पिशवीतून ही वही काढून दिली. लिहितोय—

खड्ड्यात सात जण. वर घरघर. मला वाटलं ट्रॅक्टर, आणि स्फोट—
पाय पलीकडे पडलेला. माझाच.
आई, जबडा माझ्या हातात होता. जीव होता अजून. आपल्याच फौजेचे लोक आले, फावडी घेऊन. मी हात हलवला. त्यांनी पाहिलं. पाहिलं, आई. आणि पहिलं फावडं तोंडा—