धूपदाणी शोधू नकोस

बहिया,

आपल्या नातवाची, हाझिमची धाप वाढली, म्हणून त्याला घेऊन झगाझिगच्या इस्पितळात जाते आहे. शेतांत भाताचा पेंढा अजून जळतोय, तेव्हा खिडक्या उघडू नकोस. झाडू मारू नकोस, ओल्या फडक्याने पुसून घे. मुलूखियाची पातळ भाजी गरम करून खा.

"पोराला दृष्ट लागलीय," म्हणत सकाळी तू धूप फिरवलास आणि त्याचे ओठ निळे पडले. शुक्रवारी आई घरभर फिरवायची, तो वास मलाही अजून हवासा वाटतो. पण बाई गं, बाहेरचा धूर दाराशी अडवायचा आणि आत आपणच करायचा?

आम्ही परतण्याआधी तू पुन्हा धूप घालशीलच, मला ठाऊक आहे. आईची धूपदाणी मी सोबत नेली आहे.

तुझी ताई,
फिक्रिया